सोडलेल्या माशांची वही

अष्टमीचा भांग. पाण्याला आज ओढ नाही.
बगळ्याच्या पुळणीवर घोटाभर खाडी,
मसुऱ्याच्या डोंगरामागून उजाडतंय.
मी पाय उचलत नाही, सरकवतो,
पाकटाच्या नांगीची भीती
आणि आवाजाचीही.

कोंबड्याच्या मानेचं एक पीस,
जत्रेतल्या माळेचे दोन काळे मणी,
वर गुंडाळलेली लाल लोकर:
हे माझं कोळंबीचं सोंग.
गरीचं उलटं टोक कानशीने घासून टाकलंय.
लागली तशी निघायलाही हवी.

दोरी मागे फेकतो: पहिली वेलांटी.
क्षणभर थांबायचं (इथेच सगळे चुकतात,
माझी चौथीतली मुलंसुद्धा),
मग पुढे: दुसरी.
हवेत अक्षर नसतंच, नुसत्या वेलांट्या,
आणि शेवटी पीस पाण्यावर टेकतं,
अनुस्वार द्यावा तसं.

भागीरथी खवणेकर तिसऱ्या काढता काढता हसते.
"मास्तर, कोंबो घालून मासो काढतास
आणि मासो सोडून घराक जातास.
बायलेन तुमका अजून सोडूक नाय, ह्या नशीबच."

तो मासा मुडदुशीसारखा, पण मुडदुशी नव्हे.
इतका रुपेरी, की तो दिसत नाही,
वाळूवर त्याची सावली दिसते.
डोकं खुपसून खुबे उकरतो,
तेव्हा शेपूट तेवढी पाण्याबाहेर,
तिला सकाळ लागते.
अंगात नुसते काटे. लिलावात त्याला बोली नाही.
भागीरथीच्या आज्याकडे त्याचं नाव होतं,
ते आज्याबरोबर गेलं.

सहा वर्षांपूर्वी पुळणीच्या टोकाला होड्या आल्या,
नळ्या आल्या, रात्रभराची घरघर आली.
वाळू कुठल्यातरी शहराच्या स्लॅबमध्ये गेली.
जिथे शेपट्या उन्हात फिरायच्या
तिथे आता काळपट हिरवा खड्डा.
भरती त्यात उतरते नि गप्प होते.

ग्रामसभा. तहसीलचा माणूस खुर्चीत.
"नुकसान किती? किलोत सांगा."
मी वही काढली. तिथी, वारा, पाण्याची उंची,
आणि शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत
एकच शब्द: सोडला. सोडला. सोडला.
नऊ वर्षांत एकशे बारा.
"आणि घरी नेलेले?"
एकही नाही.
"मग नुकसान कसलं?"
पंपाचा मालक हेमू मोंडकर, माझाच विद्यार्थी,
खाली बघत होता.
त्याच्या घराचा हप्ता मला ठाऊक आहे.

तेव्हा भागीरथी उठली, कासोटा ओलाच.
"वही माका वाचूक येणा नाय.
माझ्या पायांक इचारा.
पयला थंय पाणी घोट्याएवढा होता,
आता गळ्याएवढा असा.
किलो कसले मोजतास?"

कागदावर काय लिहिलं ते कोणी वाचून दाखवलं नाही.
पंप दोन महिने बंद आहेत.
कोणी म्हणतं आदेश आला,
कोणी म्हणतं मशीनचे सुटे भाग आले नाहीत.
तिवरांच्या मुळांत बोयांची पिल्लं दिसतात,
पण ती दरवर्षीच दिसतात.

आणि आज, इतक्या दिवसांनी, एक शेपूट.
चाळीस पावलांवर, तिरपी, घाई नसलेली.
माझा हात थरथरला.
मागच्या वेलांटीला थांबलोच नाही.
दोरी धपकन पाण्यात,
आणि वाळूवरून एक सावली
खड्ड्याच्या कडेकडेने निघून गेली.

भागीरथीने टोपली डोक्यावर घेतली.
"लिवा, मास्तर," ती म्हणाली,
"आज त्येणा तुमका सोडल्यान."