सोळा

दिग्रस रोडला पेट्रोल पंपापुढं कॉलेजची बस वळते,
तिथून ग्रंथालय दिसत नाही.
बऱ्याच जणांना ते शेवटच्या वर्षीच दिसतं,
नो-ड्यूजवर माझी सही लागते तेव्हा.

यंदा वेळापत्रकात मला एक तास मिळाला :
बुधवार, जेवणानंतरचा. माहिती कशी शोधावी.
अठ्ठावीस पोरं, सहा संगणक, त्यातले चार चालू.
फळ्यावर काही लिहिलं नाही.
सिव्हिलचे सात वर्षांचे सात रिपोर्ट टेबलावर मांडले,
काळ्या रेक्झिनचे, सोनेरी अक्षरांचे,
म्हटलं, आपल्या काळ्या मातीचा फुगवटा किती, काढा.

सोळा टक्के, अरबाज म्हणाला.
सोळा, मागची ओळ म्हणाली.
सातही रिपोर्टांत सोळा,
आणि सातही ठिकाणी 'प्रयोगशळा', काना गिळलेली.
नेटवरबी सोळाच हाय म्याडम, निखिलेश म्हणाला.
त्यानं उघडलेली पीडीएफ आमच्याच कॉलेजची होती.

दामिनी मडावी एरवी बोलत नाही.
"सोळा कसा राहीन? आमच्या वावरात
उन्हाळ्यात भेगीत माहा हात कोपरापावतर जाते,
न पावसाळ्यात थे भेग सापडत नाही.
हे कोनं सांगतलं?"

लेखक कोण, कधीचं, कशावरून :
बारा वर्षं मी हे रकाने आखत होते.
टपरीवर कोणी गेल्याची बातमी आली
तरी चहा खाली ठेवून माणसं आधी हेच विचारतात,
हे मला कसं सुचलं नव्हतं.

मग उलटे निघालो.
हा रिपोर्ट मागच्याकडं बोट दाखवी,
मागचा त्याच्या मागच्याकडं,
सगळ्यात जुना सूचीच्या एका कार्डाकडं.
ड्रॉवर अडकला, निखिलेशनं लाथ घातली, उघडला.
निळ्या शाईत : काळी माती, फुगवटा १६ टक्के.

अक्षर माझं.

नोकरीचा तिसरा महिना. मी मराठीची एम.ए.
निवृत्त होताना खोब्रागडे सरांनी वह्यांचं गाठोडं दिलं होतं,
नोंदी करा म्हणाले.
ती वही त्याच संध्याकाळी सापडली, कड वाळवीनं खाल्लेली :
रॉकेलमध्ये १०. पाण्यात १६.
एवढंच.
टक्का कुठंच नव्हता. तो मी लावला,
आकडा उघडा वाटला म्हणून.

गुरुवारी दामिनीनं तेलाच्या पिशवीत माती आणली.
रुपरावनं चाळली, दहा-दहा ग्रॅम तोलली,
एका नळीत रॉकेल, दुसरीत पाणी.
शुक्रवारी सगळे वाकून बघत होते :
रॉकेलातली दहावर निमूट,
पाण्यातली सोळाला टेकलेली.
दहाचे सोळा, म्हणजे वाढले सहा, अरबाज बोटांवर मोजत म्हणाला,
दहावर सहा...
आन् थांबला. साठ.

सोळा खोटा नव्हता.
मिलिलिटर होता बिचारा.

सातांतल्या एका बॅचनं सायकल स्टँडची भिंत काढली होती.
तिला तडा आहे, सगळ्यांना ठाऊक आहे.
तो यामुळंच, असं म्हणायला
माझ्याकडं पुरावा नाही.

कार्ड फाडलं नाही.
जुना आकडा वाचता येईल असा खोडला,
खाली साठ लिहिले, तारीख, कोणी मोजलं,
आणि लिहिणार होते : आपल्या भागातली काळी माती.

"म्याडम," दामिनी खांद्यावरून बघत होती,
"आमच्या एकाच वावराची हाय थे.
बाकीच्याइचं बाकीच्याइले इचारा."