ओली पायरी

आष्ट्याच्या काळ्या मातीला स्वभाव आहे.
पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते,
वर कोण राहतंय ते विचारत नाही.

पहिली भेग कोनाड्यापाशी आली, केसाएवढी.
दिवाळीला तिच्यात पोस्टकार्ड जायचं.
शिमग्याला रुपया.
कोथळे इंजिनिअरांनी वर काचेची पट्टी डकवली,
म्हणाले, फुटली तर भेग जिवंत आहे समजा.
रात्री अडीचला टक् झालं.
मी उठले नाही. दिवा लावून काय बघायचं होतं?

सांगलीत, ग्राहक आयोगापुढं,
हणमंत आवटीचा वकील म्हणाला,
माझा अशील बिल्डर नाहीच.
परवाना नाही, फर्म नाही, दारावर पाटी नाही.
रोजावरचा गवंडी. हे घर त्यानंच बांधलं
कशावरून?
करार खताच्या दुकानाच्या पावतीमागं,
चौरस फुटाचा दर, पुढं ‘मालासहित’,
आणि सही पेन्सिलीची, जवळजवळ गेलेली.

मग मगदूम वकीलबाईंनी फोटो ठेवला
आमच्या पुढच्या पायरीचा.
सिमेंट ओलं असताना
थापीच्या टोकानं कोरलेलं:
ह. बा. आवटी मिस्त्री. अक्षय्य तृतीया.
मीच म्हटलं होतं, नाव घाला की.
चहा गार होत होता
आणि तो ‘ह’ची शेपटी नीट करत बसला होता.

अध्यक्षबाई फोटोकडं बराच वेळ बघत राहिल्या.
परवाना नाही म्हणून जबाबदारी नाही,
असं कुठं लिहिलंय, दाखवा.
वकिलानं पानं चाळली, नुसती चाळली.
तीन लाख ऐंशी हजार. पंचेचाळीस दिवस.

खाली जिन्यात तो कठड्याला टेकून उभा.
‘बाई, स्वैपाकघरातली वाढली का?’
वाढली.
‘अजून तीन फूट खोदून मुरूम भरू म्हणलं होतं मी.’
म्हणला होता.
मी तेव्हा पासबुक उघडून काय म्हणाले
तेही मला आठवतं.
प्रतिज्ञापत्रात त्याला जागा नव्हती,
मीही कुणाला सांगितलं नाही.

त्यानं मिक्सर विकायला काढलाय म्हणे.

पायरी मी रोज धुते.
पाणी आधी त्याच्या नावात साचतं,
काना, वेलांटी, शेवटचा टिंब,
मग कडेच्या फटीतून
खाली मातीकडं जातं.