केबिन तीनशे सतरा

दार उघडलं आणि नोल्बेर्तो हसलाच. "एवढीच?"
चार बंक, ताटाएवढं टेबल,
एक गोल खिडकी, आणि तिच्यात पुएर्तो मोंतचा धक्का
अजून भिजत उभा.
आम्ही पाच जणं.
मिलाराय दीड वर्षाची, तिला तिकीट नाही,
पण सगळ्यात जास्त सामान तिचंच.

मी कंबर कसली.
मोठ्या सुटकेसच्या पोटात मधली,
मधलीच्या पोटात छोटी,
आणि ते अवघडलेलं धूड ढकललं बंकखाली.
भिंती लोखंडाच्या, हे मला ठाऊक होतं.
ओसोर्नोच्या हार्डवेअरवाल्याकडून
बारा चुंबकी आकडे घेतले होते, किलोला टिकतील असे.
"दोन किलोंना," तो म्हणाला होता, "पण हलवू नका."
टोप्या लागल्या, टॉवेल लागले, रेनकोट लागले,
भिंत एकदम माणसांत आली.

दारामागे बुटांची कापडी झोळी, वीस कप्प्यांची.
बूट सोडून सगळं तिच्यात:
वर औषधं, मुलांचा हात पोचू नये म्हणून,
मधे चिलोएच्या लोकरीचे मोजे, सासूबाईंनी विणलेले,
टोचतात म्हणून कुणीच न घालणारे,
खाली पत्ते, खडू, कात्री (बोथट),
आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात अलिरोचा दगड.
"दगड कशाला रे?"
"तोपण पहिल्यांदाच चाललाय बोटीनं."

नियम केला: एका वेळी एकानंच उभं राहायचं,
बाकीच्यांनी आपापल्या बंकवर. कोंबड्यांसारखं.
रायेननं तो सुवाच्य अक्षरात लिहिला,
खाली कोंबडी काढली, कोंबडीला माझा चष्मा.

दुसऱ्या संध्याकाळी स्पीकर खरखरला:
रात्री पेनासचं आखात लागेल, उघडा समुद्र आहे,
सुटं सामान बांधून ठेवा.
पेनास म्हणजे दुःखं. कुणी ठेवलं असेल हे नाव,
आणि ठेवून पुढे कसा गेला असेल.
मी म्हटलं, आमचं काही सुटं नाही.
नोल्बेर्तो काही बोलला नाही. सूप प्यायला.

साधारण एक वाजता
पहिला आकडा भिंतीवरून घसरत गेला,
सावकाश, नखानं पाटी ओरखडावी तसा.
मग दुसरा. मग टोप्या, टॉवेल, रेनकोट,
मग झोळीनं दारावर डोकं आपटायला सुरुवात केली.
मान्हारची बरणी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
गडगडत जायची, थांबायची, परत यायची,
फुटली असती तर बरं झालं असतं.
"टॉर्च कुठे ठेवलास?" मी ओरडले.
"तूच ठेवलास," तो बादलीतून म्हणाला, "जागच्या जागी."
आणि खरंच, इतका जागच्या जागी ठेवला होता
की मला ती जागाच आठवेना.

अंधारात रायेन खाली उतरली.
मोठी सुटकेस ओढली, तिच्या पोटातलं काढून फेकलं,
आत दोन जॅकेटं अंथरली, वर बाळ ठेवलं,
आणि बंकांच्या मधल्या फटीत ती पेटी
पाठ आणि पाय लावून घट्ट धरून बसली.
नऊ वर्षांची आहे.
कुणी शिकवलं म्हणाल तर मी नाही.
मिलाराय दोन हेलकाव्यांत झोपली.
मी उतरले, अलिरो उतरला,
शेवटी बादली घेऊन नोल्बेर्तोही उतरला.
सगळे एकदम जमिनीवर. नियम आपोआप मोडला.

सकाळी पाणी सपाट होतं.
खिडकीत अगदी जवळ हिरवा डोंगर,
त्यावरून दुधाच्या धारेसारखा धबधबा, मुकाट.
आत गुडघाभर संसार:
खडूंचा भुगा, उघडे पत्ते, सासूबाईंचे मोजे
सगळ्यांच्याच पायांत,
रात्री थंडीनं कधीतरी चढवलेले.
मी आकडे शोधले. अकरा सापडले.
बारावा अजून भिंतीवर होता, रिकामा.

अलिरोनं झोळीचा खालचा कप्पा उघडून आत पाहिलं,
बराच वेळ पाहिलं,
मग आमच्या पिवळ्या चेहऱ्यांकडे वळून
थोड्या अभिमानानं म्हणाला,
"ह्याला नाही लागली बोट."