सुरुवातीलाच एकदा

पूर्ण, पूर्ण, अर्ध.
पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्ध.
शरणपूरला चर्चमागच्या खोलीत
सलोमी उजगरे पेन्सिलीनं टेबलावर ठोके देते
आणि मी, एकसष्ट वर्षांची, चौथीतल्या अबीरशेजारी
पट्ट्या मोजत पुढे सरकते.
अबीरचे पाय जमिनीला टेकत नाहीत.
माझा अंगठा मधल्या बोटाखालून वेळेवर निघत नाही.
तो म्हणतो, आजी, अंगठ्यानं आधीच निघायचं,
स्टॉप यायच्या आधी दाराशी उभं राहतात तसं.

सी मेजरमध्ये एकही काळी नाही.
हा तर बिलावल, मी म्हटलं, पांढरी एक,
दर गुरुवारी मंडळात वाजवलाय.
सलोमी म्हणाली, मग सा उचला
आणि पांढरी पाचवर ठेवा.
ठेवला. सहा पायऱ्या नीट चढले.
सातवीवर निषाद खचला,
बिजागरी सैल झालेल्या दारासारखा.
तेव्हा काळी तीन हाताला लागली.
हा तुमचा पहिला शार्प, ती म्हणाली,
तो ओळीच्या सुरुवातीलाच लिहायचा. एकदाच.
पुढे कुणी आठवण करून देणार नाही.

ही पद्धत मला माहीत होती.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पहिल्या दिवशी
खैरनार सुपरवायझरनी असंच एकदा सांगितलं होतं,
इथलं इथेच ठेवायचं.
पुढची एकतीस वर्षं कुणी पुन्हा बोललं नाही.
दिव्याखाली कोऱ्या नोटांचे कागद यायचे,
शाई फुटलेली, आकडा तसूभर घसरलेला,
खूण करायची, बाजूला काढायचं, पुढचा कागद.
घरी हे विचारायचे, आज काय विशेष?
मी म्हणायचे, मेथी स्वस्त झाली.
तो एक शार्प सगळ्या ओळींना लागू होता,
पंगतीत, बाळंतपणात,
तापात बरळतानासुद्धा.

क्लासला जाताना बस द्वारकेला अडकते.
काचेला डिसेंबरची थंडी, गुडघ्यावर माझी बोटं,
सी, जी, डी, ए,
दर पाचव्या घरी सा बिऱ्हाड हलवतो
आणि एक काळी जास्तीची पदरात पडते.
डीला दोन. ए ला तीन.
सर्कल काही संपत नाही.
हॉर्न वाजतात, प्रत्येकाचा सा वेगळा,
आणि कुणीच आधी सांगितलेला नाही.

मग ती जागा येते
जिथे सहा शार्प आणि सहा फ्लॅट एकाच उंबऱ्यावर भेटतात.
इकडून आलं तर एफ शार्प, तिकडून जी फ्लॅट.
पट्टी तीच, काळी तीन.
अबीरला पटेना. एकच आहे तर दोन नावं कशाला?
मी म्हटलं, मी माहेरची वेणू.
सासरी तांदळात अंगठीनं मंदाकिनी लिहिलं.
कोणत्या घरातून हाक येते, त्यावर असतं बाळा.
त्यानं वहीत उतरवून घेतलं,
परीक्षेत येईल म्हणून.

थिअरीच्या पेपरात चुका शोधा असा प्रश्न असतो.
तिथे माझा हात कुणी धरू शकत नाही.
गाळलेला फ्लॅट, चुकीच्या रेघेवर बसलेला शार्प,
चष्मा पुसायच्या आत सापडतो.
वाजवताना मात्र बोट घसरतं
आणि मी थांबते, खूण करायला काही शोधते.
सलोमी म्हणते, थांबू नका मावशी,
तो सूर आता बाजूला काढून ठेवता येत नाही.
हे मला अजून जमत नाही.

सात वाजता फाटकातून बाहेर पडते.
सवयीनं पर्स उघडून समोर धरते.
झडती घ्यायला कुणी नसतं,
एक कुत्रं, एक सायकल.
पर्समध्ये वही, वहीत पाच रेघांवर
मीच काढलेल्या काळ्या नोटा,
काही फारच गोल, काही तिरक्या.
कोपऱ्यावर कुणी चिवडा तळतंय.
मी तोंडातल्या तोंडात ए मेजर म्हणत चालते,
जी शार्पपाशी अडखळते,
पुढे जाते.