डांबराचा डबा

रोज सकाळी भरमा, माझ्या बहिणीचा पोरगा,
शहापूरच्या चहाच्या गाड्यावर फोन उघडतो
आणि जगाच्या बातम्या माझ्या बशीत ओततो.
"मामा, यंत्र आता लिहूलालंय, चित्रं काढूलालंय.
तुझं काम गेलं बघ."
मी म्हटलो, "नवीन काय ते सांग.
माझं काम फ्लेक्सनं खाऊन वीस वर्षं झाली.
आता हे यंत्र येऊन
उष्टं ताट चाटणार, दुसरं काय."

मी लुमाण्णा हलगेकर, पेंटर.
मराठी लिहिलो, कन्नड लिहिलो.
त्यांची अक्षरं जिलबीगत गोल,
आमची दोरीवर वाळत घातलेली.
कुठलं वर, कुठलं खाली, किती इंच मोठं,
यावर कोर्टात झाले नसतील एवढे वाद
माझ्या शिडीखाली झाले.

आणि खरं सांगू?
मला रंगानं पोसलं नाही, डांबरानं पोसलं.
गावात अधिवेशन भरलं की रात्री कोणीतरी यायचं,
फासायचं, घोषणा द्यायचं, जायचं.
सकाळी मालक दारात: "अण्णा, जरा ये की."
यांनी फासलं तरी मीच,
त्यांनी फासलं तरी मीच.
थोरलीचं लग्न एका डिसेंबरात निघालं.

भरमानं एकदा यंत्राला विचारलं,
"बेळगाव कुणाचं?"
त्यानं तीनदा माफी मागितली,
दोन्ही बाजूंच्या भावना फार मोलाच्या म्हटलं,
आणि उलट आम्हालाच विचारलं, आणखी काही मदत करू का?
मी म्हटलो, "हे लवकरच निवडून येतंय."

माझी बायको गंगव्वा फोनवर बोलून लिहिते.
"ए तम्मा, ऊट केलास की नाही, कवा येऊलालास?"
फोन आधी गप्प.
मग म्हणतो, कृपया भाषा निवडा.
यादी वरपासून खालपर्यंत बघितली,
आमच्या तोंडातली तेवढी नव्हती.
तिनं फोन उशीखाली ठेवला
आणि गॅलरीत जाऊन हाक मारली.
पोरगं दोन गल्ल्यांपलीकडनं आलं.

तर मुद्दा असा, की गुरुसिद्धाच्या कुंद्याच्या दुकानाला
यंत्रानं बोर्ड करून दिला. फुकट.
कुंदा म्हटल्यावर त्यानं फुलं काढली,
पांढरी, नाजूक, देव्हाऱ्यात ठेवण्याजोगी.
आणि खाली अक्षरं.
आता ती अक्षरं कसली, हे मला विचारू नका.
डोक्यावर रेघ आमची, पोट गोल त्यांचं,
मध्येच एक आकडा, एक वेलांटी
जी कुठल्याच शाळेत गेली नाही.

डिसेंबर आला. डबेही आले.
एक टोळी थांबली, वाचली, डोकं खाजवलं.
"आमचंच आहे काय रे?"
दुसरी आली. तीही थांबली.
दोघांनी मिळून चहा घेतला आणि परत गेले.
गुरुसिद्ध खूश. "बघ अण्णा, भांडणच मिटलं!"

मला रात्रभर झोप नाही.
चाळीस वर्षं मी शिडीवर उभा राहून
जे लिहिलो, त्याच्यावर कुणाचा तरी जीव होता,
कुणाचा तरी राग होता.
ज्याला फासावंसं कुणालाच वाटत नाही
ते अक्षर कसलं, नुसती नक्षी.
भरमा म्हणतो ही प्रगती.
असेल. फ्रिजलाही लोक प्रगतीच म्हणतात,
आत काल-परवाचं शिळंच असतं.

तिसऱ्या रात्री मफलर बांधलो,
माळ्यावरचा डबा काढलो,
आणि गंगव्वाला सांगितलो, वारं खाऊन येतो.
ती कूस बदलत म्हणाली,
"शिडी नीट टेक. गुडघा दुखूलालाय तुझा."

सकाळी सातला गुरुसिद्धाचा फोन.
"अण्णा, बोर्डाचा सत्यानाश केलाय कुणीतरी.
कुणाचं काम असेल?"
मी म्हटलो, "काळ वाईट आहे बाबा.
हातानं लिहायचं म्हणतोस?
'ळ' चे पैसे वेगळे पडतील."