सप्टेंबरपर्यंत

खताच्या ढिगात काटा खुपसला तर आतून वाफ आली,
आणि वाफेबरोबर पांढरं काहीतरी.
आधी वाटलं, लसणाच्या कुड्या,
मागच्या हिवाळ्याआधी मीच फेकलेल्या.
हात लावला. ऊबदार. चामड्यासारखी मऊ.
एकमेकींना चिकटलेली अंडी, तीसेक तरी.
एक काट्याला लागून फुटलं होतं.

तेओफिले असती तर ओरडली असती, झाक आधी, झाक!
सासूबाई माझ्या खांद्याला लागायच्या,
आवाज मात्र तळ्यापलीकडे पोचायचा.
उंबऱ्याशी बशी ठेवायच्या दुधाची, घरच्या सापासाठी.
साप दूध पीत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.
पिऊन जायचं ब्रोन्यूसचं मांजर, दिवसेंदिवस गोल होत.
"बशी सापाचीच," त्या म्हणायच्या,
"मांजर नुसतं पोचवतं."

आउरिमास दर रविवारी फोन करतो, नॉर्वेहून.
मागे क्रेनचा आवाज, कधी एखाद्या बाईचा.
घर विकून टाक म्हणतो. घर त्याच्या नावावर आहे.

शनिवारी विल्नियसहून जोडपं आलं बघायला.
त्याने भिंतींवर टकटक केली, डॉक्टरसारखी.
तिला तळं आवडलं, शेपूचा वाफा आवडला,
मग लाकडी न्हाणीघराकडे वळलो,
आणि पायरीवरच्या उन्हात ती होती.

मीटरभर लांब, काळीभोर,
मानेवर दोन पिवळे ठिपके,
कुणीतरी लोण्याचं बोट पुसल्यासारखे.
बाई किंचाळली. त्याने भिंतीला टेकलेलं फावडं उचललं.
विषारी नाही हो, म्हणायला मी तोंड उघडलं
तोवर ती एकदा फुत्कारली आणि
उताणी पडली.
जबडा वासलेला, जीभ एका बाजूला लोंबत,
वर असा वास सोडला
की मेल्याला आठवडा झाला असावा.

"मेली?" त्याने विचारलं. फावडं अजून हवेत.

या घरात मी एकोणीस वर्षं काढली आहेत.
जेवताना टेबलावर मूठ आपटली की
अंग कसं सैल सोडायचं,
डोळे कुठे ठेवायचे,
श्वास किती लहान घ्यायचा,
मला कुणी शिकवावं लागत नाही.

"मेली," मी म्हणाले. "म्हातारीच होती."

त्याने फावडं खाली ठेवलं, जरा हिरमुसून.
बायको केव्हाच गाडीत, काचा वर.
सोमवारी कळवतो म्हणाला, किमतीचं बघू.

गाडीची धूळ बर्चच्या झाडांत विरली तरी मी तिथेच.
एक माशी तिच्या जिभेवर बसली. उडाली. पुन्हा बसली.
मला भीती वाटली, सोंग घेता घेता
कधी कधी माणूस परत येतच नाही.
मग जीभ आत गेली.
डोकं बोटभर वर. थांबली.
बाकीचं अंग सावकाश, जणू दुसऱ्या कुणाचं,
एकेक वळसा करून सुलटं झालं,
आणि ती खाजऱ्या पाल्यातून तळ्याकडे निघाली.
ढिगाकडे वळूनही पाहिलं नाही.
त्या घालून मोकळ्या होतात. ऊब खत देतं.

मी परत गेले ढिगापाशी.
फुटलेल्या अंड्यात दोऱ्याएवढं काहीतरी होतं,
त्याच्या मानेवर पिवळ्याचा अंदाज.
बराच वेळ थांबले.
त्याचं सोंग नव्हतं.

बाकीच्यांवर कापलेलं गवत पसरलं, दोन पाट्या.
वर फळी, फळीवर दगड. मांजरासाठी.

रविवारी फोन आला. "ठरलं का?"
"सप्टेंबरपर्यंत थांब," मी म्हणाले.
"सप्टेंबरात काय आहे?"
खिडकीतून ढीग दिसत होता, किंचित वाफाळता.
"बटाटे," मी म्हणाले,
आणि पहिल्यांदाच मीच फोन ठेवला.