परतीच्या किल्ल्या

आज पुन्हा एक आली.
पाकीट नाही, चिठ्ठी नाही, नुसती पितळी किल्ली,
हिरव्या पट्टीवर कोरलेलं : हेरन लगून, ४१७.
उलट्या बाजूला आमचंच जुनं वचन :
‘चुकून सोबत गेल्यास कुठल्याही टपालपेटीत टाका,
खर्च आम्ही भरू.’
शिक्का ओहायोचा.
हॉटेल पाडून अकरा वर्षं झाली.
खर्च मी भरते.

पोस्टमन लेमार पायरीवरूनच विचारतो,
‘व्हर्ना, आज कोण परत आलं?’

४१७ म्हणजे तळ्याकडची बाजू.
रात्री नऊला गॅलरीतून पार्कचे फटाके दिसायचे,
आवाज मात्र मागाहून यायचा,
पंगत उठल्यावर येणाऱ्या जावयासारखा.

बहात्तर साली मी चादरी बदलायला लागले
तेव्हा भिंतींना ओल्या रंगाचा वास होता
आणि खिडकीखाली संत्र्यांच्या चार ओळी उरल्या होत्या,
पाहुण्यांना वाटावं आपण खरंच फ्लोरिडात आलो, म्हणून.
फळं तोडायला मनाई होती.
आम्ही तोडायचो.

सर्वांत वर फिरतं रेस्टॉरंट.
तासाला एक फेरी : सूप येताना आकाशपाळणा,
मासा येईतो पार्किंग,
आणि लिंबाच्या पायचा शेवटचा घास तोंडात असताना
पुन्हा आकाशपाळणा.
मग एके वर्षी मोटर जळाली.
मालकांनी मोटर बदलली नाही, मेनूकार्ड बदललं.
ज्यांच्या नशिबी कायमचं पार्किंग आलं
त्यांना ओस्वाल्दो एक वाटी जास्त वाढायचा,
काळ्या घेवड्याची आमटी, त्याच्या आईच्या हातची,
म्हणजे आईनं त्याच्या हातात सोडलेली.
ती आधी फक्त कामगारांसाठी शिजायची.
एकदा चुकून सतरा नंबरच्या टेबलावर गेली
आणि वीस वर्षं मेनूवरून उतरली नाही.

खाली दुकानांची गल्ली.
मेणबत्त्या, टोप्या, पेलिकनच्या चोचीत अडकवलेली पोस्टकार्डं.
चारला ठरल्या वेळी सर यायची
आणि दोन मिनिटांत सगळी गल्ली पिवळी,
रेनकोट दोन डॉलर, शिवण एका दिवसाची.
टोकाला म्हातारा ह्रुश्का काचेचे हंस फुंकायचा.
मान वळवताना तो श्वास धरायचा,
बाहेर नाक दाबून उभी पोरंही धरायची.
वाकड्या मानेचे हंस तो विकत नसे.
माझ्या खिडकीत सात आहेत.

चाळीस वर्षं त्या गाद्या मी थोपटल्या,
एकीवरही झोपले नव्हते, नियम होता.
शेवटच्या आठवड्यात मॅनेजर म्हणाला,
‘हवी ती खोली घे, एक रात्र.’
तोवर दारांना प्लास्टिकची कार्डं आली होती,
हिरवा दिवा लागायचा, काहीच वाजायचं नाही.
मी ४१७ घेतली.
फटाके बंद झालेले. तळ्यात बेडूक.
झोप लागली नाही; चादर दुसऱ्या कुणी घातली होती,
पायथ्याचे कोपरे सैल.

सकाळी खाली पिवळं यंत्र येऊन उभं,
माणसं कॉफी पीत माझी वाट बघत होती.
मी पलंग नीट लावला.
उशा झटकल्या. टॉवेलची घडी तीनपदरी.
मग उतरले.

ओहायोवाल्यांनो, तुमची पोहोचली.
खिळ्यांची फळी आता भरत आली आहे,
आणि ४१७ची ही तिसरी.
तिघं एकदमच आलात
तर कुणाला कुठे झोपवू?